खिडकीतली गती

नागपुरात ट्राम कधी धावली नाही. मुंबईत ती 1874 पासून 1964 पर्यंत होती, नाशिकला रेल्वे स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम होती, कोलकात्यात तिचे अवशेष अजून आहेत. नागपूरकरांच्या वाट्याला टांगे, सायकलरिक्षा आणि सातपुड्याकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाड्या आल्या. शहरातल्या शहरात रुळांवरून फिरण्याचा अनुभव इथे मिळाला तो मार्च 2019 मध्ये, मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर. तेव्हापासून खिडकीला फोन लावून उभा असलेला प्रवासी हे बर्डी ते खापरी मार्गावरचं रोजचं दृश्य आहे. मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोच्या ‘सेलिब्रेशन ऑन व्हील्स’ योजनेमुळे वाढदिवसाचे आणि प्री-वेडिंगचे कॅमेरेही डब्यात आले. व्हिडिओंचा नुसता पूर आहे. त्यांत स्टेशनं दिसतात, रंग दिसतात, उंचावरून शहर दिसतं. दिसत नाही ती गती. डब्यात उभं असताना गाडी पळतेय हे अंगाला कळतं, आणि तोच प्रवास पडद्यावर पाहताना ती रेंगाळल्यासारखी वाटते.

हा प्रश्न एकट्या नागपूरच्या हौशी मंडळींचा नाही. चालत्या गाडीतून शहर टिपायला लोकांनी सुरुवात केली त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली, आणि एवढ्या काळात ज्या युक्त्या सापडल्या त्यांतल्या बऱ्याच आज खिशातल्या फोननेही जमतात. पण त्याआधी थोडं गणित करायला हवं, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पडद्यावरचा वेग गाडीच्या वेगावर जितका अवलंबून असतो, तितकाच बाहेरची वस्तू किती जवळून जाते यावरही असतो. ताशी 20 किलोमीटरने चाललेल्या ट्राममधून दोन मीटरवर उभा असलेला माणूस पाहा. तो अगदी समोर येतो त्या क्षणी सेकंदाला सुमारे 160 अंश या गतीने नजरेसमोरून सरकतो. आता मेट्रो घ्या. वेग ताशी 60, आणि सगळ्यांत जवळची इमारत 20 मीटरवर. ती सेकंदाला जेमतेम 48 अंश सरकते. म्हणजे एक तृतीयांश वेगाची ट्राम कॅमेऱ्यात मेट्रोच्या तिपटीहून जास्त वेगवान दिसते. मेट्रो खांबांवरून जाते, तिच्या दोन्ही बाजूंना कठडा असतो, रस्ता बराच खाली राहतो. जवळ काहीच नाही आणि लांबचं सगळं सावकाश सरकतंय, असं ते दृश्य असतं. महागडा कॅमेरा घेऊन हे बदलत नाही. जवळची वस्तू शोधावी लागते.

सिनेमाच्या पहिल्या पिढीला हे गणित न मांडता उमगलं होतं. ल्युमिएर बंधूंचा कॅमेरामन अलेक्सांद्र प्रोमियो याने 1896 मध्ये व्हेनिसच्या कालव्यातल्या नावेवर कॅमेरा ठेवला आणि काठावरची घरं पडद्यावर सरकली. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएरांचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेत रेल्वे इंजिनाच्या पुढे कॅमेरा बांधून बोगद्यातून जाण्याची चित्रं निघाली. अशा चित्रांना ‘फँटम राइड’ म्हणत, कारण ज्या गाडीतून ती घेतली ती गाडी पडद्यावर दिसतच नसे. लगोलग ट्रामची पाळी आली. ट्रामचा पुढचा भाग उघडा असे, चालकाशेजारी कॅमेरा मावत असे, आणि रस्त्यावरची माणसं, घोडे, सायकली अगदी हाताच्या अंतरावरून जात. बेलफास्ट, बार्सिलोना, व्हँकुव्हर अशा कितीतरी शहरांची त्या काळातली चित्रं ट्रामवरूनच घेतलेली आहेत. व्हँकुव्हरचं 1907 चं चित्र घेणारा विल्यम हार्बेक पाच वर्षांनी टायटॅनिकबरोबर बुडाला.

या सगळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटचं 1906 मधलं चित्र मला सर्वांत मोलाचं वाटतं. माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढे हाताने फिरवायचा कॅमेरा लावला आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जवळपास तेरा मिनिटं, मध्ये न कापता चित्रीकरण केलं. केबल कारचा वेग तो काय! तरीही ते बघताना माणूस खुर्चीत सावरून बसतो, कारण मोटारी, घोडागाड्या आणि पोरं सतत समोरून आडवी जातात. नीट पाहिलं तर त्याच त्या मोटारी पुन्हा पुन्हा येताना दिसतात. त्या वळसा घालून मुद्दाम परत कॅमेऱ्यासमोर आणलेल्या आहेत. रस्ता भरलेला दिसावा, गती वाढावी यासाठी केलेली ही मांडणी आहे. चित्रीकरणानंतर चार दिवसांनी, 18 एप्रिलला, भूकंप आणि आगीत तो रस्ता उद्ध्वस्त झाला. हे भूकंपापूर्वीच्या त्या रस्त्याचं शेवटचं सलग चित्र ठरलं.

पुढच्या काळात कॅमेरा ट्रामच्या पुढून हलला आणि वेगवेगळ्या जागी बसला. झिगा व्हर्टोव्हने 1929 च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये ट्रामची दृश्यं दुभंगून, एकावर एक चढवून शहराची धडपड दाखवली. सत्यजित राय यांनी 1963 च्या ‘महानगर’ची श्रेयनामावली ट्रामच्या छपरावरच्या दांड्यावर उभी केली. तारेला चिकटून सरकणारा तो दांडा, अधूनमधून उडणारी ठिणगी, बाकी काही नाही. शहर दिसत नाही, गर्दी दिसत नाही, तरी आपण ट्राममध्ये बसून कोलकात्यात चाललो आहोत हे मनात पक्कं बसतं. मृणाल सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’मध्ये नायक ट्राममध्ये उभा राहून थेट प्रेक्षकांशी बोलू लागतो आणि के. के. महाजनांचा कॅमेराच चित्रात येतो. महाजन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. रायांच्या त्या दांड्यातून आज मेट्रोत चित्रीकरण करणाऱ्याला घेण्यासारखं खूप आहे. गाडीचाच एखादा भाग चौकटीत पक्का धरायचा आणि त्याच्यामागे जग सरकू द्यायचं, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची युक्ती आहे. खिडकीची कड, दांडा धरलेला हात, दाराची रबरी पट्टी, यांतलं काहीही चालतं. नजरेला स्थिर काय आहे हे कळलं की हलतं काय आहे हेही कळतं.

आता नागपुरात जवळची वस्तू कुठे सापडेल? खापरीकडचा मार्ग मोकळा आहे. विमानतळाच्या आसपास नजर लांबवर जाते, दृश्य सुंदर असतं, आणि गती शून्याच्या जवळ. अंबाझरी तलावाजवळून जाणाऱ्या मेट्रोच्या ॲक्वा मार्गाचंही तसंच. पाणी जागचं हलत नाही. तिथे उलट कठड्याचा माथा चौकटीच्या खालच्या भागात मुद्दाम येऊ द्यावा. कठडा वाहत जातो, तलाव थांबून राहतो, आणि या दोन वेगांच्या फरकातून खोली तयार होते. पूर्वेला सेंट्रल ॲव्हेन्यूवर दोन्ही बाजूंना इमारती आहेत, त्यांच्या वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या आणि पाट्या खिडकीच्या बऱ्याच जवळून जातात. तिथे मेट्रो एकदम ट्रामसारखी वागू लागते. गाडी स्टेशनात शिरतानाचे काही सेकंदही असेच. वेग उतरत असतो, पण फलाटावरची माणसं इतकी जवळ असतात की पडद्यावर वेग वाढल्यासारखा वाटतो. आणि समोरून दुसरी गाडी आली तर विचारूच नका. दोन्ही गाड्या साठने चालत असतील तर तीन डब्यांची अख्खी गाडी दोनेक सेकंदांत निघून जाते. सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रीकरणात तिला पन्नासच चौकटी मिळतात, पण एवढ्यात बसलेला धक्का दहा मिनिटांच्या तलावाला जमत नाही.

बाहेरून चित्रीकरण करायचं तर गड्डीगोदाम सोडून दुसरीकडे जायला नको. सर्वांत खाली कामठी रोड, त्यावर भारतीय रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे चार थर एकाच जागी आहेत. मेट्रो आणि उड्डाणपुलाचा तिथला पोलादी सांगाडा 1650 टनांचा आहे. कडेला कॅमेरा स्थिर लावून ठेवला तर एकाच चौकटीत ट्रक, आगगाडी आणि मेट्रो आपापल्या दिशेने आणि आपापल्या वेगाने जाताना मिळू शकतात. वर्धा रोडच्या 3.14 किलोमीटर लांबीच्या दुमजली पुलाची गिनेस बुकात नोंद झाली, त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली. गतीच्या चित्रीकरणासाठी मात्र गड्डीगोदामच सरस. वर्धा रोडवर सगळं एकाच दिशेने जातं. गड्डीगोदामला रेल्वे आडवी येते.

जागा मिळाली की प्रश्न येतो शटरचा, आणि नागपूरच्या उन्हात तो जास्तच बोचतो. पडद्यावर हालचाल ओघवती दिसायची तर प्रत्येक चौकटीत थोडी पुसट रेघ हवी. त्यासाठी 25 चौकटींच्या चित्रीकरणात शटर 1/50 सेकंद ठेवायचं, हा जुना सिनेमाचा नियम. ताशी 60 ने जाणारी गाडी 1/50 सेकंदात 33 सेंटिमीटर पुढे जाते, तेवढी रेघ चित्रात उमटते आणि डोळ्याला दोन चौकटींमधली जागा भरलेली वाटते. एप्रिलच्या दुपारी फोन काय करतो? त्याच्या भिंगाचं छिद्र लहान करता येत नाही, मग जास्तीचा प्रकाश तो शटरने कापतो. छिद्र एफ 1.8 आणि आयएसओ 50 असेल तर शटर 1/3000 च्या पलीकडे जातं. प्रत्येक चौकट सुरीने कापल्यासारखी स्पष्ट येते, आणि त्या स्पष्ट चौकटी एकामागून एक लावल्या की गाडी खडखडत, तुटक तुटक चाललेली दिसते. लोकांना वाटतं फोन खराब आहे. फोन उत्तम आहे, त्याला गॉगल हवा. भिंगावर लावायची राखाडी काच, म्हणजे एनडी फिल्टर, भर उन्हात फोनसाठी 64 च्या क्रमांकाची चालते. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ 4 ठेवून 32 क्रमांकाची पुरते. फिल्टर नसेल तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला निघावं. संध्याकाळी प्रकाश उतरला की फोन आपोआप शटर मंद करतो आणि बर्डीचे दिवे लांब रेघा ओढू लागतात.

दिव्यांवरून आठवलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. बहुतेक फोन मुळात 30 चौकटींवर लावलेले येतात आणि शटर 1/60 धरतात. मग स्टेशनच्या दिव्यांखाली पडद्यावर काळ्या पट्ट्या चढताना दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये 25 चौकटी निवडून शटर 1/50 वर आणलं की त्या पट्ट्या जातात.

चौकटींच्या या आकड्याचा आणखी एक खेळ आहे. आपल्या ब्रॉडगेज मार्गांवर किलोमीटरला 1660 स्लीपर टाकलेले असतात, म्हणजे दोन स्लीपरांमध्ये साधारण साठ सेंटिमीटर. ताशी 54 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून शेजारचा रूळ 25 चौकटींनी टिपला तर प्रत्येक चौकटीत गाडी बरोबर एक स्लीपर पुढे गेलेली असते. पडद्यावर स्लीपर जागच्या जागी थिजतात. वेग थोडा कमी झाला की ते उलटे सरकू लागतात. अजनी किंवा नागपूर स्टेशनातून निघणाऱ्या गाडीत बसून हे कुणालाही करून पाहता येईल: वेग वाढत जाताना स्लीपर आधी उलटे सरकतात, मग थबकतात आणि पुन्हा सुलटे निघतात. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा व्हिडिओ वर्गात जरूर दाखवावा. मंद शटरने हा परिणाम फिका होतो, त्यामुळे इथे भर दुपार आणि 1/3000 चं शटरच कामाचं.

खरं भांडण आहे ते स्थिरीकरणाशी. गिम्बल आणि फोनमधलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण दोन्ही हाताची थरथर ओळखण्यासाठी बनवलेली आहेत. ते वळण्याची जाणीव असलेल्या संवेदकावर चालतात. पण गाडी वळली तरी संवेदकाला वाटतं की हात वळला. मग चौकट जुन्या दिशेला धरून ठेवण्याचा प्रयत्न होतो, डब्याची आतली भिंत चित्रात हळूहळू एका बाजूला घसरते, आणि मर्यादा संपली की झटक्याने जागेवर येते. मेट्रोच्या वळणांवरच्या अनेक व्हिडिओंत हा झटका दिसतो आणि लोक तो गाडीचा समजतात. उपाय सोपा आहे, स्थिरीकरण बंद करायचं. कोपर छातीशी, पाठ डब्याला टेकलेली, पाय थोडे फाकवून उभं राहायचं. गाडीचा हेलकावा चित्रात उतरतो तो उतरू द्यावा. माझं मत स्पष्ट आहे: रुळांवरच्या गाडीचा हादरा ही त्या प्रवासाची खूण आहे आणि ती पुसून टाकणारं यंत्र गतीच पुसतं. लोण्यासारख्या गुळगुळीत व्हिडिओत गाडी हवेत तरंगते. तिचं वजन जातं.

काचेचे दोन त्रास आहेत. एक, डब्यातल्या दिव्यांचं आणि स्वतःच्या शर्टाचं प्रतिबिंब. भिंग काचेला जवळजवळ टेकवून भोवती काळं कापड किंवा रबराची कड धरली की ते जातं. अगदी चिकटवू नये, नाहीतर काचेची बारीक थरथर भिंगात उतरते. दुसरा त्रास पोलरायझर वापरणाऱ्यांना होतो. प्रतिबिंब घालवायला ते हा फिल्टर लावतात आणि टफन्ड काचेवर निळे-जांभळे डाग उमटलेले पाहून चक्रावतात. काच कडक करताना तिच्यात जो ताण राहतो, तो पोलरायझर उघडा पाडतो. अशा खिडकीपाशी तो फिल्टर काढून खिशात ठेवावा.

काळ दाबून दाखवण्याची कला आपल्या मातीत जुनी आहे. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करताना त्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं. ठरावीक अंतराने एकेक चौकट, आणि दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत. हाच टाइमलॅप्स. रोप जागेवर असतं म्हणून ते जमलं. चालत्या गाडीतून सेकंदाला एक चौकट घेतली तर साठच्या वेगाने दोन चौकटींत सतरा मीटरचं अंतर पडतं, जवळच्या वस्तूंचा एकमेकींशी संबंधच उरत नाही, नुसता लुकलुकाट होतो. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, सलग चित्रीकरण करून नंतर आठ किंवा सोळा चौकटी एकमेकींत मिसळायच्या. पुसट रेघ परत येते आणि शहर वाहू लागतं. दुसरा मला जास्त आवडतो: वेळेऐवजी अंतर मोजायचं. गाडी थांबलेली असताना एकही चौकट ठेवायची नाही आणि धावताना दर ठरावीक मीटरला एक निवडायची. फोनमधल्या जीपीएसची नोंद जोडली की संपादनात हे करता येतं. मग अख्खा मार्ग एका समान वेगाच्या धाग्यासारखा उलगडतो.

उलट दिशेला, काळ ताणण्याच्या प्रयोगांत हंगेरीच्या ॲडम माग्यार या कलाकाराचं काम पाहण्याजोगं आहे. ‘स्टेनलेस’ या मालिकेत त्याने फलाटात शिरणाऱ्या भुयारी गाडीतून अतिवेगवान कॅमेऱ्याने फलाटावरची गर्दी टिपली. काही सेकंदांचं दृश्य कित्येक मिनिटं चालतं. माणसं पुतळ्यासारखी उभी दिसतात, एखादाच केस किंवा पदर हलत असतो, आणि कॅमेरा त्यांच्यासमोरून संथ जात राहतो. बर्डीच्या फलाटावर सकाळी कॉलेजच्या वेळी फोनच्या 240 चौकटींनी असं काही करता येईल, अट एकच: लोकांचे चेहरे येणार असतील तर ते कुठे आणि कसे दाखवायचे याचं भान ठेवायचं. व्यावसायिक चित्रीकरणाला महामेट्रोची परवानगी लागते, आणि गर्दीच्या डब्यात ट्रायपॉड उभारणं तसंही योग्य नाही.

आवाजाकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. गाडी सुटताना मोटरचा स्वर चढत जातो, त्यावरून डोळे मिटूनही वेग कळतो. त्यावर गाणं चढवलं की अर्धी गती गेली. निदान मूळ ध्वनीची प्रत वेगळी राखावी.

गती आणि आवाज दोन्हींचा विचार केला की नॅरोगेजच्या बाबतीत आपण काय गमावलं ते लक्षात येतं. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची नॅरोगेज गाडी 2015 मध्ये आणि नागपूर-नागभीडची नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली. 762 मिलिमीटरचा तो रूळ, दोन्हीकडून हाताशी येणारी झाडं आणि शेतं, सांध्यांवरची ठेक्यातली खडखड. आधी मांडलेल्या गणितानुसार कॅमेऱ्यासाठी याहून चांगली गाडी विदर्भात नव्हती. शेवटच्या दिवसांत हौशी लोकांनी पुष्कळ चित्रीकरण केलं, त्यांचे उपकारच आहेत. पण आज जे पाहायला मिळतं त्यात बाहेर उभं राहून टिपलेली, धूर आणि शिट्टीची छोटी छोटी दृश्यंच जास्त असतात. आतून, खिडकीशी बसून, स्टेशन ते स्टेशन न कापता घेतलेलं चित्र शोधावं लागतं. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं आणि डबे जपलेले आहेत. ती गाडी चालताना कशी दिसत होती, हे उभ्या डब्यावरून कळत नाही. मुंबईच्या ट्रामचंही असंच झालं. नव्वद वर्षं धावली, 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी गेली, आणि आपण ती पाहतो ती मुख्यतः छायाचित्रांत किंवा सिनेमाच्या एखाद्या दृश्यात, मागून जाताना. कोलकात्यात 2024 मध्ये सरकारने बहुतेक मार्ग बंद करून मैदान ते एस्प्लनेड एवढाच वारसा म्हणून ठेवण्याचं ठरवलं, तेव्हा तिथल्या ट्रामप्रेमींनी आवाज उठवला. असे मार्ग बंद होण्याआधी सलग टिपले जायला हवेत.

जुनी चित्रं संगणकाने रंगवून, साठ चौकटींची करून दाखवण्याची टूम 2020 पासून आली आहे. ती पाहायला सुखद वाटतात. पण दोन खऱ्या चौकटींच्या मधल्या चौकटी यंत्राने कल्पून भरलेल्या असतात. नोंद म्हणून जपायची ती मूळ प्रतच, थरथरती आणि ओरखड्यांची.

नागपूरला अजून वेळ आहे. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे दोन मार्ग मिळून 38 किलोमीटरहून थोडे अधिक भरतात, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत व प्रजापती नगरपर्यंतचे उरलेले भाग 11 डिसेंबर 2022 ला खुले झाले. दुसरा टप्पा सुमारे 44 किलोमीटरचा आहे: दक्षिणेला खापरीपासून बुटीबोरीकडे, उत्तरेला कामठीवरून कन्हानकडे, पश्चिमेला हिंगण्याकडे, पूर्वेला कापसीकडे. त्या बाजूंना आज जे रस्ते, गोदामं, मोकळे तुकडे आणि शेतं आहेत ते सगळं मेट्रोचं काम पूर्ण होईल तसं बदलणार. मोटारीच्या डाव्या खिडकीला कॅमेरा लावून खापरी ते बुटीबोरी एकदा सलग टिपावं. शटर 1/50, 25 चौकटी, स्थिरीकरण बंद, मूळ आवाज चालू. फाइलच्या नावात तारीख, दिशा आणि वेळ घालावी, एक प्रत घरी ठेवून दुसरी एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी. मेट्रो सुरू झाल्यावर त्याच मार्गावर, त्याच बाजूच्या खिडकीतून, शक्य तर त्याच महिन्यात पुन्हा चित्रीकरण करावं. दोन्ही चित्रं अंतराच्या हिशेबाने जुळवून वर-खाली लावली, तर रस्त्यावरून दोन मीटरवर दिसलेली बुटीबोरीची वाट आणि मेट्रोच्या उंचीवरून वीस मीटर लांब गेलेली तीच वाट एकाच पडद्यावर मिळेल.